पहिल्या गस्तीला सोबत कोण? पोलीस प्रशिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
पोलीस प्रशिक्षण केंद्रांचे प्रमुख, तिथले शिक्षक आणि नव्या शिपायाला पहिल्या गस्तीवर घेऊन जाणारे सर्व ज्येष्ठ,

स. न. वि. वि.

मी पोलीस नाही. समाजशास्त्र शिकवतो आणि त्यापायी अधूनमधून प्रशिक्षणार्थी पोलिसांसमोर पाहुणा वक्ता म्हणून उभा राहतो. विषय ठरलेला असतो, 'पूर्वग्रह आणि पोलीस'. वेळ दोन तासांची, त्यातला बराचसा भाग ओळख आणि आभारात जातो. अशाच एका व्याख्यानानंतर मागच्या रांगेतला एक मुलगा दारापाशी घुटमळत होता. सगळे पांगल्यावर म्हणाला, "सर, पेपरात काय लिहायचं ते समजलं. पण ठाण्यात पहिल्याच दिवशी साहेब याच्या उलट सांगणार. तेव्हा काय करायचं?"

चेष्टा करत नव्हता. मी 'सदसद्विवेकबुद्धी' वगैरे काहीतरी पुटपुटलो आणि काढता पाय घेतला. खरं तर हे पत्र त्यालाच लिहायला हवं. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे.

पोलिसांच्या मतांचा विषय निघाला की दोन ठरावीक वाक्यं ऐकू येतात. एक म्हणजे, 'पोलीस समाजातूनच येतात, समाजात जे आहे तेच त्यांच्यात असणार.' दुसरं, 'त्या नोकरीत जाणारी माणसंच तसली असतात.' दोन्ही वाक्यं बोलायला सोपी आहेत, कारण दोन्हींत मधला काळ गायब असतो. माणूस भरती झाला आणि दहा वर्षांनी अनुभवी पोलीस झाला, या दोन टोकांच्या मध्ये कोणी काही केलंच नाही, असं त्यातून सूचित होतं. तुम्ही केलेलं असतं. कधी वर्गात, पण जास्त करून वर्गाबाहेर.

जॉन व्हॅन मानेन नावाच्या अभ्यासकाने 1970च्या दशकाच्या सुरुवातीला एका अमेरिकी शहराच्या पोलीस दलात नवशिक्यांबरोबर स्वतः प्रशिक्षण घेतलं, मग त्यांच्या गाडीत बसून तो गस्तीवरही गेला. त्याला दिसलं ते असं. मुलं येताना उत्साहाने भारलेली असतात, आणि काही महिन्यांतच तो उत्साह ओसरून त्यांची मतं जुन्या सहकाऱ्यांच्या मतांसारखी होतात. इथवर फारसं नवल नाही. नवल पुढे आहे. ज्यांचा उत्साह लवकर मावळला, तेच वरिष्ठांना चांगले पोलीस वाटत होते. 'फार पुढे पुढे करू नकोस, अंगाशी येईल असं काही करू नकोस' हा धडा जो लवकर गिरवतो तो शहाणा. हा धडा कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, तरी सगळ्यांचा पाठ असतो. 'तिकडे शिकलास ते विसर, काम इथं शिकायचं,' हे वाक्य आपल्या दलापुरतंच आहे असं प्रत्येक दलाला वाटतं. मी ते तीन वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत वाचलं आहे.

त्याच्याही आधी, 1966 साली, जेरोम स्कोलनिक या अमेरिकी अभ्यासकाने या नोकरीचा स्वभाव नेमका पकडला होता. कामात धोका आहे आणि हातात अधिकार आहे. वरून, काम झालेलं दिसलं पाहिजे हा तगादा आहे. या तिन्हींच्या कात्रीत रोज काम करणारा माणूस संशयाने बघायला शिकतो. चालण्याची ढब, कपडे, बोलण्याची पद्धत यांवरून 'हा त्रास देणारा' असा एक साचा डोक्यात तयार होतो आणि पुढे माणसं त्या साच्यातूनच दिसू लागतात. बाहेरच्यांना हे कळणार नाही, असं वाटत गेलं की उठबस आपल्यातच होते. उठबस आपल्यातच झाली की साचा तपासून पाहणारं कोणी उरत नाही.

यात कोणी मुद्दाम वाईट वागलेलं नाही, हे मला आधी कबूल केलं पाहिजे. पोलिसाची आणि माणसाची गाठ बहुतेक वेळा त्या माणसाच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी पडते. दारू प्यालेला, मार खाल्लेला, खोटं बोलणारा, घाबरलेला, शिव्या देणारा. एखाद्या वस्तीतली माणसं वर्षानुवर्षं याच अवस्थेत भेटली, तर त्या वस्तीबद्दलचं मत काय होईल, हे सांगायला संशोधकाची गरज नाही. अमेरिकेत न्यू हेवन इथे झालेला एक प्रयोग 2019मध्ये प्रसिद्ध झाला. गणवेशातले पोलीस कसल्याही तक्रारीविना, कारवाईविना लोकांच्या दारी गेले आणि दहा मिनिटं साध्या गप्पा मारून परतले. एवढ्याने लोकांचं पोलिसांबद्दलचं मत सुधारलं, आणि तीन आठवड्यांनी विचारलं तेव्हाही तो फरक टिकून होता. प्रयोगात मोजली ती लोकांची मतं. मला मात्र दार वाजवणाऱ्या पोलिसाबद्दल जास्त कुतूहल आहे. कारण न बोलावता, कोणाला न पकडता एखाद्याच्या दारी उभं राहायची वेळ त्याच्यावर महिन्यातून कितीदा येते?

आता आकड्यांकडे वळतो. आकड्यांनी पोलिसांची बदनामी होते अशी तक्रार तुम्ही करता, म्हणून दोन्ही बाजूंचे सांगतो.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी पाहणी संस्थेने 2017मध्ये अमेरिकेतल्या जवळपास 8,000 पोलिसांची पाहणी प्रसिद्ध केली. त्या देशातल्या सामान्य माणसांपैकी 83 टक्क्यांना वाटत होतं की पोलीस नोकरीत निदान एकदा तरी गोळी झाडतोच. प्रत्यक्षात सरावाबाहेर, कामावर असताना कधीही गोळी झाडलेले पोलीस होते 27 टक्के. म्हणजे लोकांच्या डोक्यातही पोलिसाचा एक साचा आहे, आणि तोही चुकीचा आहे. त्याच पाहणीत दुसरा प्रश्न होता. कृष्णवर्णीयांना समान हक्क मिळावेत म्हणून करायला हवे होते ते बदल देशाने केले आहेत का? गोऱ्या पोलिसांपैकी 92 टक्के म्हणाले, केले आहेत. कृष्णवर्णीय पोलिसांपैकी तसं म्हणणारे 29 टक्के. वर्दी, शपथ, पगार सगळं सारखं, आणि उत्तरात एवढी दरी. 'पोलिसांचं मत' असं एकवचन वापरताना मी तेव्हापासून अडखळतो.

भारतात लोकनीती-सीएसडीएस ही संशोधन संस्था आणि कॉमन कॉज ही स्वयंसेवी संस्था यांनी 2019मध्ये 21 राज्यांतल्या 11,834 पोलिसांशी बोलून अहवाल काढला. मुस्लिमांचा गुन्ह्याकडे स्वाभाविक कल असतो असं निम्म्या पोलिसांना कमी-अधिक प्रमाणात वाटत होतं. किरकोळ गुन्ह्यांत खटल्याच्या भानगडीत न पडता पोलिसांनीच छोटी शिक्षा द्यावी, असं 37 टक्क्यांचं म्हणणं होतं. बातम्या या दोन आकड्यांच्याच झाल्या. त्याच अहवालात हेही होतं की पोलीस दिवसाला सरासरी 14 तास काम करतात आणि निम्म्यांना आठवड्याची सुट्टीही मिळत नाही. त्याची बातमी झाली नाही असं नाही, पण पहिल्या आकड्यांशेजारी ठेवून ती कोणी वाचली नाही. चौदाव्या तासाला माणूस विचार करत नाही, सवयीवर चालतो. आणि सवय म्हणजे तोच साचा. म्हणून कामाचे तास हा प्रश्न मला पूर्वग्रहाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. हे वाक्य वित्त विभागाला आवडणार नाही, तरी ते तुमच्यामार्फत तिथे पोचावं.

मग मतं बदला, असं म्हणून प्रश्न सुटतो का? माझा धंदाच तो, म्हणून सांगतो, सुटत नाही. न्यूयॉर्कच्या पोलीस दलाने 2018पासून आपल्या हजारो कर्मचाऱ्यांना सुप्त, म्हणजे स्वतःच्याही लक्षात न येणाऱ्या, पूर्वग्रहाचं प्रशिक्षण दिलं. त्याचं मूल्यमापन 2020मध्ये बाहेर आलं. प्रशिक्षणानंतर पोलिसांना विषय जास्त कळला होता. रस्त्यावर कोणाला थांबवलं, कोणावर बळ वापरलं, यातल्या वांशिक तफावतीवर मात्र मोजता येईल असा परिणाम दिसला नाही. दारापाशी थांबलेल्या मुलाने मला जे एका वाक्यात सांगितलं, ते सांगायला तिथे अहवाल लागला. पेपरात काय लिहायचं ते समजलं.

उलट बाजूही तितकीच बुचकळ्यात टाकणारी आहे. 1966 साली बोस्टन, शिकागो आणि वॉशिंग्टनमध्ये निरीक्षक पोलिसांबरोबर फिरले. गाडीत बसल्यावर पोलिसांच्या तोंडी कृष्णवर्णीयांबद्दल जे शब्द येत होते ते लिहून ठेवण्याजोगे नव्हते, तरी निरीक्षकांनी लिहून ठेवले. पण अटक करायची की नाही हे ठरताना त्या शब्दांपेक्षा तक्रारदाराला काय हवं आहे आणि समोरचा माणूस कसा वागतो, या गोष्टी जड ठरत होत्या. अर्थात 'कसा वागतो' यातही मेख आहे. ज्याला आयुष्यभर पोलिसांनी उगाच अडवलं आहे, तो अदबीने बोलणार कसा? अलीकडे शिकागोतल्या नोंदी तपासल्या गेल्या. एकाच भागात, एकाच पाळीत काम करणाऱ्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय पोलिसांची तुलना केली, तर कृष्णवर्णीय पोलीस कमी लोकांना थांबवतात, कमी अटका करतात, बळ कमी वापरतात. स्त्री पोलीसही पुरुषांपेक्षा कमी बळ वापरतात. पण पोलीस कुठल्या पक्षाचा समर्थक आहे यावरून त्याच्या कारवाईत फारसा फरक आढळला नाही. मतदानाच्या दिवशी तो काय करतो यापेक्षा तो कोणामध्ये वाढला, कोणाला ओळखतो, हे रस्त्यावर जास्त बोलतं, असा मी याचा अर्थ लावतो. तुम्ही दुसरा लावू शकता.

राजकारणाचा विषय निघालाच आहे तर तो टाळत नाही. 'आम्हाला राजकारण नसतं' हे वाक्य मी तुमच्या प्रत्येक केंद्रात ऐकलं आहे, आणि ते म्हणणारे बहुतेक जण मनापासून म्हणतात. या वाक्याला इतिहासही आहे. 1829मध्ये लंडनचं महानगर पोलीस दल उभं राहिलं. हे सरकारचे हस्तक होतील अशी भीती लोकांना वाटू नये म्हणून पोलिसांना मतदानाचा हक्कच नव्हता. तो मिळायला 1887 उजाडलं. मत काढून घेतलं म्हणजे मतं जातात, अशी ती भाबडी समजूत. स्कोलनिकने पाहिलेल्या दलात तर पोलिसांचा कल उघडउघड एका बाजूला होता आणि तो कोणी लपवतही नव्हतं. जो माणूस रोज सुव्यवस्था राखतो त्याला आहे ती व्यवस्था बरी वाटू लागणं स्वाभाविक आहे. मला त्यात आक्षेपार्ह काही दिसत नाही.

मला भीती वाटते ती 'मला मतच नाही, मी फक्त हुकूम पाळतो' या वाक्याची. ते तुम्ही प्रशिक्षणात सद्गुण म्हणून शिकवता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुलै 1942. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये दोन दिवसांत सुमारे 13,000 ज्यूंना घरांतून बाहेर काढून अटक झाली. त्यांत मुलं हजारोंनी होती. दारं वाजवणारे जर्मन नव्हते. ते पॅरिसचे पोलीस होते, आणि त्यांतले बहुतेक पक्के नाझीही नव्हते. हातात यादी होती, यादीवर सही होती. तिकडे बोर्दोच्या सरकारी कचेरीत मॉरिस पापों नावाचा अधिकारी ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवण्याच्या कागदांवर सह्या करत होता. युद्ध संपलं, सरकार बदललं, पापोंची नोकरी चालू राहिली. 17 ऑक्टोबर 1961च्या रात्री पॅरिसमध्ये अल्जेरियन निदर्शकांवर पोलीस तुटून पडले आणि अनेकांचे जीव गेले, तेव्हा पॅरिसचा पोलीसप्रमुख हाच होता. युद्धकाळातल्या त्या कृत्यांसाठी त्याला शिक्षा झाली ती 1998मध्ये. दोन अगदी वेगळ्या राजवटी, आणि दोन्हींना तो सारखाच कामाचा. 'राजकारण नसलेला' अधिकारी याहून निर्भेळ कुठे सापडणार?

पण मला सांगायचं आहे ते नान्सीबद्दल. फ्रान्सच्या पूर्वेकडच्या या शहरातही तोच जुलै होता, तसाच हुकूम आला होता. तिथल्या पोलीस दलात परदेशी नागरिकांच्या नोंदी ठेवणारा एक छोटा विभाग होता. त्याचा प्रमुख एदुआर व्हिन्यरों आणि त्याचे सहकारी, असे सात जण, आदल्या दिवशी घरोघर गेले आणि सांगितलं, उद्या पकडायला येणार आहेत, आज निघा. काहींना खोटी ओळखपत्रंही करून दिली. तीनशेहून जास्त माणसं वाचली. तोच देश, तीच वर्दी, तोच पगार.

हे सात जण जन्मजात थोर होते का? असतीलही. मला त्यांचा विभाग महत्त्वाचा वाटतो. परवाने, नोंदी, मुदतवाढ, पत्ताबदल यासाठी ही ज्यू माणसं वर्षानुवर्षं त्यांच्या टेबलासमोर उभी राहत होती. शिव्या न देता, रक्ताळलेली नसताना, आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत. या पोलिसांना त्यांची नावं माहीत होती, मुलं कितीवीत आहेत तेही माहीत असेल. यादी हातात आली तेव्हा त्यांना त्यात माणसं वाचता आली. पॅरिसमध्ये ज्या शिपायाच्या हातात यादी पडली, त्याच्यासाठी ते पत्ते होते.

तुमच्या शिपायाची अशी गाठ कुठे पडते? जिथे तो पाहणारा नाही, पकडणारा नाही, नुसता कामाचा माणूस आहे? जिथे पडते, म्हणजे पडताळणी, हरवलेल्या वस्तूंच्या नोंदी, शाळेबाहेरची ड्युटी, त्या नेमणुका तुमच्याकडे शिक्षा म्हणून दिल्या जातात. 'त्याला टेबलावर बसवलाय' याचा अर्थ ठाण्यात सगळ्यांना कळतो. नव्या पोलिसाची पहिली सहा महिन्यांची नेमणूक तिथे करा, आणि जिथे पुढे गस्त घालायची त्याच भागात करा. एवढी एक मागणी मी या पत्रात ठामपणे करतो आहे.

दुसरी मागणी थोडी अडचणीची आहे. 2020च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात पोलिसांचे व्हॉट्सअ‍ॅप गट उघडकीला आले. हिटलरची चित्रं, निर्वासितांची गॅस चेंबरमध्ये दाखवलेली कल्पनाचित्रं, असला माल. सुरुवातीलाच 29 पोलीस निलंबित झाले, त्यांत एक पाळीप्रमुखही होता. पुढच्या वर्षी फ्रँकफर्टची विशेष कारवाई तुकडी अशाच कारणाने बरखास्त करावी लागली. पण पहिला गट उघडकीला कसा आला ते पाहा. एक पोलीस पत्रकाराला माहिती देतो असा संशय आला, म्हणून त्याचा फोन तपासला, तर त्यात हे सापडलं. त्या गटांत चित्रं वर्षानुवर्षं येत होती. सगळेच जण ती बघून खूश होत असतील, हे मला पटत नाही. कोणीतरी मान फिरवली असेल, कोणी गट म्यूट केला असेल. वरिष्ठांकडे जाऊन सांगितलं मात्र कोणीच नाही. जो उद्या अंधाऱ्या गल्लीत आपल्या पाठीशी उभा राहणार आहे त्याच्याविरुद्ध बोलायचं कसं? हा प्रश्न खोटा नाही, आणि तो वर्गात 'तक्रार करा' असं सांगून सुटत नाही. प्यूच्या त्याच पाहणीत 72 टक्के पोलिसांनी, सतत वाईट काम करणाऱ्या सहकाऱ्यांना जाब विचारला जातो हे अमान्य केलं होतं. म्हणजे आतल्यांना सगळं माहीत असतं. कोणाबरोबर ड्युटी लागली की पोटात गोळा येतो, हे प्रत्येक ठाण्यात प्रत्येकाला माहीत असतं.

मग निदान कागदावर तरी ते दिसू द्या. कोणत्या पोलिसाने महिन्यात कितीजणांना थांबवलं, त्यांतल्या कितीजणांकडे काही सापडलं, बळ कितीदा वापरलं, हे त्याच पाळीतल्या, त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या पोलिसाशेजारी ठेवून बघा. मनात काय आहे हे मला विचारायचं नाही, तुम्हीही विचारू नका. प्रश्नावलीत सगळे शहाणे असतात. एकाच चौकात उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला संशयित तिप्पट दिसत असतील आणि सापडत काहीच नसेल, तर त्याला बोलावून शांतपणे विचारा, काय बघून थांबवलंस? उत्तर देताना तो जिथे अडखळेल तिथून तुमचं प्रशिक्षण सुरू करता येईल. माझ्या व्याख्यानाची गरज कदाचित उरणार नाही. माझं मानधन बुडेल, हरकत नाही.

आणि नव्या पोरांना पहिल्या गस्तीला सोबत द्यायचा ज्येष्ठ याच नोंदी बघून निवडा. सध्या तो कसा निवडला जातो, असं मी एका अधिकाऱ्याला विचारलं होतं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "ज्याची ड्युटी मोकळी असते तो."

माझा तो दारापाशी थांबलेला मुलगा एव्हाना रुजू झाला असेल. पुढच्या तुकडीपुढे मला पुन्हा बोलावलं आहे, विषय तोच, वेळ तीच. जाण्याआधी तुमच्याकडून एवढंच कळलं तर बरं होईल: पहिल्या रात्री गस्तीच्या गाडीत त्याच्या शेजारी कोण बसलं होतं, आणि ते नाव तक्त्यावर लिहिताना कोणी क्षणभर तरी थांबलं होतं का?

कळावे,
आपला,
एक पाहुणा वक्ता